काचेतलं बिऱ्हाड

राई गावात माशाकडे बघायच्या दोनच नजरा होत्या. एक कालवणाची आणि दुसरी तव्याची. १९८६ साली मी तिसरी नजर घेऊन गावात शिरलो, तेव्हा आमचे घरमालक ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते. सगळं गाव त्यांना दादूस म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत डोकावून पाहिलं. पिशवीत चार चपटे, चंदेरी, काळ्या पट्ट्यांचे मासे होते. एकेकाची उंची चार आण्याच्या नाण्याएवढी.

"कनचा मावरा ह्यो?"

"एंजल."

"खायाचा नाय?"

"नाही."

"त पाललास कनाला?"

गेली जवळजवळ चाळीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर जुळवतो आहे. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा पक्का खर्डा समजा.

ज्यांना राई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनचा रस्ता धरला की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं एकामागून एक लागतात. भातशेती, मिठागरं, पलीकडे खाडी. गिरगावातली चाळ सोडून १९८४ साली आम्ही इथे दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा नातेवाइकांनी "राईएवढी जागा घेतलीस" अशी कोटी केली. प्रत्येक नातेवाइकाला ती आपल्यालाच प्रथम सुचली असं वाटत होतं. पुढे १९८५ साली मिरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि राईचा पर्वत कसा होतो ते आम्ही खिडकीत बसून पाहिलं.

माशांचं वेड मात्र गिरगावातलंच. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. त्यानंतर दहाएक वर्षांनी मी तिथे पहिल्यांदा गेलो, वडिलांचं बोट धरून. बोट धरून हे आपलं म्हणायचं. नानांचं बोट कुणी धरल्याचं मला आठवत नाही. ते पोस्टात होते. ते पुढे चालत आणि आम्ही भावंडं पार्सलांसारखी मागून जात असू. मत्स्यालयातल्या अंधारात काचेसमोर माणसांची दाटी होती. मी कान देऊन ऐकलं, तर कुणी आमसुलाबद्दल बोलत होतं, कुणी भावाबद्दल. मराठी माणूस तिथे मासे बघत नसे, मनातल्या मनात निवडत असे. नानांनी सगळ्या पेट्यांपुढून एक फेरी मारली आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "यांना कामधंदा काही दिसत नाही."

माणसाने मासा काचेत कोंडला त्याला तशी फार वर्षं झालेली नाहीत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढच्या वर्षी गॉस नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने ‘अ‍ॅक्वेरियम’ याच नावाने पुस्तक काढलं आणि साहेबाच्या दिवाणखान्यात काचेची पेटी आली. पण ती थंड पाण्याची. अ‍ॅमेझॉनमधला एंजल जर्मनीपर्यंत जिवंत पोचायला विसावं शतक उजाडलं. बोटीवरच्या पत्र्याच्या डब्यांतून येता येता किती मासे वाटेतच वर जात त्याची गणती नको. या छंदाचे खरे उपकारकर्ते म्हणजे विमान आणि प्लास्टिकची पिशवी. दुसऱ्या महायुद्धानंतर ही दोन्ही हाताशी आली आणि राजेमहाराजांचा शौक कारकुनाच्या खिशात मावू लागला. तो कारकून मी.

महागाई भत्त्याची थकबाकी हातात पडली त्या दिवशी मी कचेरीतून परस्पर क्रॉफर्ड मार्केटला गेलो. दोन फुटी टाकी घेतली. लोखंडी अँगलची चौकट, त्यात काचा, आणि काचा धरायला काळपट पुट्टी. दुकानदाराने एंजलच्या डब्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ये चिकलेट है साब." मी इतकी वर्षं चिकलेट म्हणजे चघळायचा गोंद समजत होतो. पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं की तो शब्द सिक्लिड असा आहे.

ती टाकी संध्याकाळच्या लोकलने भाईंदरला आणणं हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढंच सांगतो की चर्चगेटला डब्यातल्या मंडळींनी मला शिव्या घातल्या, अंधेरीला आपुलकीने भाव विचारला आणि बोरिवलीनंतर चौघांनी टाकी मांडीवर घेऊन पत्त्यांचा डाव तिच्यावरच मांडला. भाईंदरला तीच मंडळी "काच हाय, काच हाय" असं ओरडत माझ्यासाठी वाट करत होती. उत्तनच्या एस.टी.त कंडक्टरने टाकीचं अर्धं तिकीट फाडलं.

घरी विरोध दोन आघाड्यांवर होता. हिचं म्हणणं साधं होतं. राईत त्या काळी नळाला पाणी पहाटे चारला यायचं, तेही आलं तर. विहिरींचं पाणी मचूळ. "माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुमच्या माशांना दर रविवारी ताजं!" या युक्तिवादाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. दुसरी आघाडी नानांची. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते आमच्याकडे राहायला आले होते. ते काहीच बोलले नाहीत. खुर्ची उचलून टाकीकडे पाठ करून बसले आणि वर्तमानपत्र वाचू लागले.

एंजल शांत, सालस मासा आहे, चारचौघांत खपून जातो, असं दुकानदार म्हणाला होता. म्हणून मी त्याच टाकीत बारा गप्प्या सोडल्या होत्या. महिन्याभराने त्या नऊ झाल्या, मग पाच, मग एकही नाही. एंजल मात्र अंगाने भरले. मग त्या चौघांतल्या दोघांचं जमलं. नवरा कोणता आणि बायको कोणती हे अंडी दिसेपर्यंत सांगता येत नाही. त्या दोघांनी उरलेल्या दोघांना कोपऱ्यात असं काही कोंडलं की नाना वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हे घरमालक दिसतात." त्या क्षणी दादूस भाडं मागायला दारात उभे होते.

नानांनी खुर्ची वळवली होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

एके सकाळी हवेच्या नळीवर मोहरीहून बारीक अंडी ओळीने चिकटवलेली दिसली. पुढचे तीन दिवस नवरा-बायको पाळीपाळीने अंड्यांपुढे उभे राहून परांनी वारा घालत होते. पांढरं पडलेलं अंडं तोंडाने टिपून बाहेर काढत होते. एकाची पाळी संपली की दुसरा हजर. मधे मिनिटभराचाही खाडा नाही. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून मोठं आकर्षण काय असणार? नानांनी जुनी डायरी काढली आणि नोंदी सुरू केल्या. ‘अंडी अंदाजे २१०. पांढरी १४. मोठा ६.१० ते ६.२५, लहान ६.२५ पासून.’ चौथ्या दिवशी सकाळी नळी स्वच्छ होती. आईबापांनी रात्रीत सगळी अंडी खाऊन टाकली होती. नवशिकी जोडपी असं करतात, असं मी पुस्तकात वाचून दाखवलं. नानांनी डायरीत लिहिलं, ‘अंडी ०. कारण समजले नाही.’ पुढचे दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या खेपेला पिल्लं निघाली. आई पुढे, बाप मागे आणि मधे शंभरेक जिवंत ठिपके, अशी वरात टाकीतून फिरू लागली. शेजारपाजारची पोरं बघायला आली, मग त्यांच्या आया आल्या. दादूसही आले. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो बाप हाय का आयस?" नाना म्हणाले, "मागचा बाप." माशाबद्दल नानांनी परक्या माणसाशी बोलल्याची ही पहिली नोंद.

सिक्लिडांच्या मोहिनीचं रहस्य हेच, असं माझं मत आहे. रंगाने त्यांच्याहून देखणे मासे पुष्कळ आहेत, पण ते शोभेचे. सिक्लिड बिऱ्हाड करतो. लग्न, जागेवरून भांडणं, बाळंतपण, पोरांचं संगोपन, सगळं काचेआड आपल्या नाकासमोर. कोनराड लोरेंट्स या प्राणिशास्त्रज्ञाला १९७३ साली नोबेल मिळालं. त्याने १९४९ सालच्या एका पुस्तकात आपल्या टाकीतल्या ज्वेल फिश नावाच्या लालबुंद सिक्लिड बापाची हकिकत दिली आहे. संध्याकाळी हा बाप भटकलेली पोरं तोंडात धरून घरट्यात नेत होता. एकदा तोंडात गांडुळाचा घास असतानाच समोर पोर दिसलं. त्याने तेही तोंडात घेतलं. आता तोंडात दोन वस्तू. एक गिळायची, एक सांभाळायची. मासा जागच्या जागी थिजला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकली, पोरावर नजर ठेवून गांडूळ खाल्लं, आणि पोराला उचलून घरी नेलं. ही गोष्ट मी नानांना सांगितली. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "किती वाजता?"

या घराण्याच्या शास्त्रज्ञांनी नावं दिलेल्या जाती सतराशेच्या वर आहेत. ‘सतराशे साठ’ हा आपल्याकडे बोलण्यातला अलंकार, इथे तो जवळजवळ हिशेब आहे. मुक्काम मुख्यतः आफ्रिकेतली सरोवरं आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या नद्या. इतक्या जाती होण्याचं एक कारण तोंडात आहे. यांना घशात आणखी एक जबडा असतो. चावून बारीक करण्याचं काम तो करतो, त्यामुळे पुढचा जबडा वाटेल त्या कामाला मोकळा. कुणी खडकावरचं शेवाळं खरवडतो, कुणी गोगलगाय फोडतो, कुणी दुसऱ्या माशाचे खवले ओरबाडून पोट भरतो. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे ही म्हण आपण उगीच हत्तीवर खर्च केली.

एंजलचा काळ सरला तो पुट्टीमुळे. आमची टाकी पाच वर्षांनी पाझरू लागली. मी मेण लावलं, डांबर लावलं, हिने साबणाची वडी दाबून पाहिली. तोवर बाजारात सिलिकॉनने चिकटवलेल्या, बिनचौकटीच्या टाक्या आल्या होत्या. काच काचेला चिकटते आणि चार फुटांची टाकी घरात उभी राहू शकते, हे कळल्यावर चार फुटांचीच माणसं व्हायला लागली. मुंबईच्या दुकानांत मोठ्या माशांचे दिवस आले. त्यात एकाचं नाव जॅक डेम्प्सी. १९१९ ते १९२६ मुष्टियुद्धाचं जगज्जेतेपद गाजवणाऱ्या पैलवानाचं नाव त्या माशाला उगीच दिलेलं नाही. पण खरा मान ऑस्करचा. काळपट अंगावर निखाऱ्यासारखे डाग, शेपटीजवळ नारिंगी वलयातला खोटा डोळा, आणि चेहरा कायम रजा नामंजूर केल्यासारखा. १९९६ साली मी हिचं शोकेस हलवून चार फुटी टाकी आणली. शोकेसमधल्या बाहुल्या आजही माळ्यावर आहेत आणि तो विषयही.

ऑस्करला घरातली मांडणी पसंत पडत नाही. तो रेती उकरतो, वनस्पती उपटतो. झाकण फुसफुस उघडणारी प्लास्टरची खजिन्याची पेटी तर त्याने पहिल्याच रात्री उलथून टाकली. पाणी बदललं की रागाने तळाशी आडवा पडून राहतो, मेला की काय असं वाटावं इतका. पण माणूस ओळखतो. मी समोर गेलो की तो थंड, ही गेली की थंड. नाना खुर्चीतून उठले की काचेशी येऊन शेपूट हलवी. नानांनी त्याचं नाव पोस्टमास्तर ठेवलं. असाच चेहरा असलेल्या एका साहेबाच्या हाताखाली त्यांनी अकरा वर्षं काढली होती. "तो कधी हातातून खात नसे," एवढाच फरक त्यांनी नोंदवला.

२६ जुलै २००५. त्या मंगळवारी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. गाड्या बंद, फोन बंद. मी चर्चगेटच्या कचेरीत टेबलावर झोपलो आणि चालत, टेम्पोने, पुन्हा चालत करत गुरुवारी संध्याकाळी राईला पोचलो. वीज तेव्हाही आलेली नव्हती. नाना टाकीशेजारी बसले होते, हातात तांब्या. पाणी काढायचं, हातभर उंचीवरून पुन्हा सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. मोटर बंद पडल्यावर करायचा हा उपाय मीच त्यांना कधीतरी सांगितला होता. त्यांचं वय तेव्हा एकोणऐंशी. मला बघून म्हणाले, "पोस्टमास्तर ठीक आहे. तू कपडे बदल." आणि जाऊन झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. म्हातारा माशापायी दोन रात्री जागला, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना हसत हसत सांगत असे.

नाना २०११ साली गेले. डायऱ्या आवरताना ते पान हाती लागलं. पोस्टाचं वळणदार अक्षर. ‘११.००, तांब्या. ११.१०, तांब्या. ११.२०, दार. ११.३०, तांब्या. ११.४०, तांब्या. ११.५०, दार.’ असं पहाटेपर्यंत. दुसऱ्या रात्रीचंही पान तसंच. आमचं दार रस्त्यावर उघडतं. तिथून भाईंदरकडून येणारं माणूस दिसतं.

तर, फ्लॉवरहॉर्न. हा मासा देवाने घडवलेला नाही. १९९०च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांच्या जातींचे संकर करून तो तयार केला. कपाळावर नारळाएवढी नसली तरी सुपारीहून पुष्कळ मोठी गाठ आणि कुशीवर काळ्या ठिपक्यांची ओळ. त्या ठिपक्यांत चिनी अक्षरं किंवा आकडे दिसले की मासा भाग्यवान, आणि मग किमतीला धरबंध नाही. ही साथ आपल्याकडे आली तेव्हा चिरंजीव बी.कॉम. होऊन मुलाखती देत होते. २००७ साली त्यांनी एक आणला. किंमत ऐकून मी खुर्ची शोधली. "बाबा, गुंतवणूक आहे," चिरंजीव म्हणाले. नाक्यावरचे एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा माशाच्या कुशीवरचा आकडा वाचायला येऊ लागले. त्यांना कधी ७ दिसे, कधी ४. आकडा लागला नाही की ते माशाकडे असं बघत, की मी मधे उभा राहत असे. चिरंजीवांना नोकरी लागली ती पुण्याला, आणि मासा आमच्या गळ्यात आला.

भाग्य जसं आलं तसं ओसरलं. जिथे ही साथ सुरू झाली त्या मलेशियात आणि सिंगापुरातही लाट फुटल्यावर लोकांनी हे मासे नद्या-तलावांत सोडून दिले. आमच्या माशाची किंमत विचारायला मी दुकानात गेलो, तर दुकानदाराने त्याच्याकडचे दोन मला फुकट देऊ केले. इकडे मासा तापट. टाकी पुसताना बोटाला चावला, आरशात स्वतःला बघून भांडला, खाण्याचा खर्च वेगळा. शेवटी एके रात्री, ही झोपल्यावर, मी त्याला बादलीत घातलं, वर टॉवेल टाकला आणि गावातल्या तळ्याची वाट धरली. मनात म्हटलं, मुक्त करतो आहे. असं काही करताना माणूस मनात संस्कृतप्रचुर बोलतो.

तळ्याच्या काठावर दादूस विडी ओढत बसले होते.

"बादलीन काय?"

मी टॉवेल काढला. त्यांनी काडी पेटवून बघितलं. त्यांना मी इतका शांत पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"तल्यान नको टाकू. चिलाप्यांनी आदीच सगला खाल्लाय. आता ह्यो कनाला?"

मग त्यांनी अंधारात बसून मला लहानपणीच्या तळ्यातल्या, खाजणातल्या माशांची नावं सांगितली. मी त्यांतली निम्मी कधी ऐकली नव्हती. "तवा चिलापी नव्हती," प्रत्येक नावानंतर ते म्हणत होते.

घरी येऊन वाचलं तेव्हा चपापलो. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया सिक्लिडच! एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांचा सख्खा भाऊबंद. मूळ आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला, गरिबाला स्वस्त मासा मिळावा म्हणून. हेतू चांगलाच होता. मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं सुटी होईपर्यंत उपाशी राहते, आणि धोका दिसला की सगळ्या पोरांना पुन्हा तोंडात घेते. अशा आईची पोरं जगणारच. १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदीची शिफारस झाली, पण मासे सरकारी कागद वाचत नाहीत. गोड्या पाण्यात, मचूळ पाण्यात, थेट खाऱ्यातसुद्धा तो निभावतो. उजनीच्या धरणात आज त्याचंच राज्य आहे. ज्या गुणासाठी मी आणि नाना काचेपुढे तासन् तास बसलो, त्याच गुणाने दादूसच्या लहानपणीच्या तळ्यातल्या माशांना हुसकावलं होतं. मी आणखी एकाला बादलीतून पोचवायला निघालो होतो. फ्लॉवरहॉर्न पुढे आठ वर्षं आमच्याकडे जगला. एकही दिवस त्याने आभार मानले नाहीत.

याच वाचनात आणखी एक धक्का बसला. भारताचे स्वतःचे सिक्लिडही आहेत, सतराशेंत फक्त तीन. त्यांतला मोठा म्हणजे केरळचा करीमीन. केरळने २०१० साली त्याला राज्यमासा केलं. गोव्यात त्यालाच काळुंदर म्हणतात. बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरने १७९० साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात सुरतेचा उल्लेख आहे. धाकटा भाऊ नारिंगी, बोटाएवढा. परदेशातले शौकीन त्याला ऑरेंज क्रोमाइड म्हणतात आणि आवडीने पाळतात. हा धाकटा थोरल्याच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याची सेवा करतो आणि संधी मिळाली की त्याचीच अंडी खातो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना जास्त सांगायला नको. आपण अ‍ॅमेझॉनहून मासे आणले आणि आपला मासा तिकडे काचेत बसला. पिकतं तिथे विकत नाही. मी काळुंदर पाहिला होता का? पाहिला होता. पणजीला, १९९८ साली, रव्यात तळलेला. दोन खाल्ले. कोणत्या घराण्यातले ते विचारलं नव्हतं.

आता सिक्लिडांचे दिवस पुन्हा फिरले आहेत. जपानच्या ताकाशी अमानो यांनी १९९०च्या दशकात पाण्याखालची बाग ही कल्पना जगभर नेली आणि नव्या पिढीला टाकीत हिरवळ हवीशी वाटू लागली. हिरवळ म्हटली की उकरणारा, उपटणारा सिक्लिड बाद. शिवाय नव्या इमारतींतल्या खोल्यांत चार फुटी टाकी ठेवली तर माणसांना बाहेर उभं राहावं लागेल. पुण्याला चिरंजीवांकडे अशी बाग आहे. सुरेख आहे. बोटाच्या पेराएवढे पन्नास मासे एकदम डावीकडे जातात, एकदम उजवीकडे जातात. तासभर बसलो, एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. मला मंत्रालयात गेल्यासारखं वाटलं.

राईत मात्र परवा एक प्रकार झाला. दादूसच्या नातवाने नव्या घरात टाकी घेतली आहे, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले निळे-पिवळे सिक्लिड. वनस्पतींची भानगड नाही, नुसते दगड. मला बघायला बोलावलं. दादूस आता नव्वदीला टेकलेत. टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी बसलो आणि गेली चाळीस वर्षं मनात ठेवलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं, "काय दादूस, खायाचा नाय, त पाललास कनाला?"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"हलू बोल. ती पिवली बघ. तिचे तोंडान पोरां हायत."